त्रिनिदादमधला मुक्काम

कुवेतला सालमियातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बावीस वर्षं काढलेले इंजिनिअर विश्वास गोगटे बायकोला घेऊन त्रिनिदादला फिरायला गेले आणि शहरातल्या एका साध्याशा हॉटेलात उतरले. काउंटरवरच्या म्हाताऱ्या बाईंचं नाव सावित्री निघालं. त्यांचे पणजोबा बिहारमधून इथे उसाच्या मळ्यावर मजुरीला आले होते.

विश्वास बायकोकडे वळून हळहळले, "पोटासाठी आले आणि इथेच अडकले गं बिचारे!"

सावित्रीबाईंनी पासपोर्टवरचा कुवेतचा पत्ता पाहून तो परत देत विचारलं, "तुम्ही कुवेत सोडून भारतात कधी जाणार?"

"आम्ही ना? मुलीचं कॉलेज संपलं की लगेच. फार तर दोन वर्षं!"

खोलीची किल्ली पुढे करत बाई म्हणाल्या,


"आमचे पणजोबा घरी पाच सांगून निघाले होते."