आढीतली ऊब

नवे पैसे चालू झाले त्या उन्हाळ्यात, गावरान आंब्यांची आढी घातलेली असतानाच लालीबाई वारली. आढीच्या गवतात हात घालायचा तो फक्त तिनंच. दुसऱ्याचा हात लागला की ऊब मोडते म्हणायची, आणि कोणी घातलाच तर मनगटावर चापट ठेवून द्यायची. नवरा किसनसिंगही त्यातून सुटला नव्हता.

तिसऱ्या दिवसाचे विधी उरकले तशी लेक बिजली म्हणाली, “बा, आंबे नासतीन. तुमी कोठीत जाऊन अल्याडून चाचपा. मी आलीच, पल्याडून पाह्यते.”

कोठीत अंधार होता नि गवत कमरेइतकं. किसनसिंगानं कोपरापर्यंत हात घातला. कोणी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणासारखं गवत ऊबदार लागलं. पिकलेले आंबे एका कडेला सारलेले, कच्चे मात्र देठ खाली करून नीट बसवलेले. पोरीच्या हाताला मायचंच वळण आहे, त्याच्या मनात आलं. तेवढ्यात पलीकडून गवत खसखसलं आणि त्याच्या मनगटावर हलकी चापट बसली.

लालीबाई गेल्यापासून तो पहिल्यांदा हसला. “मायवरच गेली तू. काहून, कच्चे हायेत अजून?”

पलीकडच्या हातानं त्याचं बोट धरून एका टणक आंब्यावर टेकवलं.

“बरं, राहू दे मंग,” म्हणत तो बाहेर आला.

नदीकडून बिजली येत होती, डोक्यावर भरलेला हंडा. “थांबा बा,” ती लांबूनच म्हणाली, “एवढा हंडा उतरवते, मंग दोघं मिळून हात घालू.”