विभागप्रमुखांच्या विचाराधीन

"काल तुम्हीच बघितलं मला, अल्वा, हो ना?" कमलाक्षीबाईंनी आपल्या कानडीमिश्रित मराठीत विचारले आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

सरस्वतीपुरमच्या भाजीवाल्यासमोर डॉ. ईश्वरी दामले दुधी निवडत उभ्या होत्या. रुग्णालय सोडून त्यांना अकरा आठवडे झाले होते. या अकरा आठवड्यांत त्यांनी एकाही रुग्णाला हात लावला नव्हता.

"मी नसेन, बाई. मी तिथलं काम सोडलं."

"कागदावर तुम्हीच आहात की." कमलाक्षीबाई निवृत्त शिक्षिका, छापलेल्या अक्षरावर त्यांची श्रद्धा. "मी डोळे मिटून पडले होते. सिस्टर म्हणाल्या, डॉक्टर बघून गेल्या. मी म्हटलं, सरी, ठीक आहे, मोठ्या डॉक्टर आहेत, त्यांची पावलं वाजत नसतील."

पिशवीतून कागद निघाला. ईश्वरींनी तो दोनदा वाचला. वाक्ये त्यांचीच होती. तीच आखूड बांधणी, शेवटी 'घाई नाही' असे लिहिण्याची तीच जुनी सवय. खाली त्यांची सही होती, तारीख कालची. मधल्या ओळीत लिहिले होते : नाडी नियमित.

त्यांनी दुधी खाली ठेवला आणि बाईंचे मनगट धरले. दोन ठोके, मग पोकळी, मग एक घाईचा ठोका, पुन्हा पोकळी. पाच मिनिटांत त्यांनी ओळखीच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करून बाईंना रिक्षात बसवले. दुसऱ्या रिक्षाने त्या स्वतः रुग्णालयाकडे निघाल्या. आपले नाव त्यांना आजच्या आज तिथून काढून आणायचे होते.

रुग्णालयाने दोन वर्षांपूर्वी एक यंत्रणा आणली होती. ती डॉक्टरांच्या जुन्या नोंदी वाचून नव्या नोंदी लिहीत असे. डॉक्टरांनी फक्त सही करायची. पुढे सहीतही वेळ वाया जातो, हे व्यवस्थापनाच्या ध्यानात आले. एका रुग्णाला सात मिनिटे होती, ती चार झाली. पाच फिजिशियनांपैकी चार सोडून गेले. त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, कारण नोंदींची संख्या घटली नव्हती. उरल्या ईश्वरी. एका सकाळी समोरचा माणूस शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, हे तुम्ही तिसऱ्यांदा विचारताय." त्यांना पहिली दोन उत्तरे आठवेनात. त्याच दुपारी त्यांनी राजीनामा लिहिला. कारणाच्या रकान्यात एकच वाक्य होते : मला माणसे ऐकू येईनाशी झाली आहेत.

दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या खोलीबाहेर गर्दी होती. दारावर त्यांच्या नावाची पाटी होती. फलकावर त्यांच्या नावापुढे टोकनचे आकडे सरकत होते. दार उघडे, आत दिवा लावलेला, खुर्ची रिकामी. सिस्टर वरलक्ष्मी एकेकाच्या बोटाला चिमटा लावी, पडद्यावर ओळी उमटत, कागद बाहेर येई. माणसे कागद कपाळाला लावून समाधानाने बाहेर पडत होती. ईश्वरींकडे कोणी मान वर करून पाहिले नाही.

मनुष्यबळ विभागात श्रीनिधी नावाचे अधिकारी होते. ते उठून उभे राहिले. रुग्णालयात अजून उठून उभे राहणारे ते एकटेच असावेत.

"मॅडम, तुम्ही गेलात असं आमच्याकडे कुठे नाही," ते म्हणाले. "राजीनामा विभागप्रमुखांच्या मंजुरीसाठी थांबलाय."

"विभागप्रमुख कोण?"

श्रीनिधींनी पडदा वळवला. "तुम्हीच. मागचे सर गेले तेव्हा तात्पुरता कार्यभार तुमच्याकडे दिला होता."

"मग मी आत्ता मंजूर करते."

"तुमचा पासवर्ड शेवटच्या दिवशीच बंद केला, मॅडम. गेलेल्या माणसाचा चालू ठेवता येत नाही."

"म्हणजे मी गेले आहे."

"पासवर्डपुरत्या."

त्यांच्या स्वरात चेष्टेचा लवलेशही नव्हता. ईश्वरींना तेच अधिक भयंकर वाटले.

"श्रीनिधी, एका बाईची नाडी बिघडलेली आहे आणि ती नियमित असल्याचं माझ्या सहीने लिहिलंय. ती सही कोण करतं?"

"तुम्हीच करता, मॅडम." ते क्षणभर दाराकडे पाहत राहिले. "तुमच्याबद्दल तक्रार नाही कोणाची. उलट हल्ली तुमच्या नोंदी वेळेवर येतात."

वाद घालायला समोर माणूस लागतो, आणि श्रीनिधी तर केवळ पडद्यावरचे वाचून दाखवत होते.

"मी असं करतो," ते समजुतीने म्हणाले, "विभागप्रमुखांना एक स्मरणपत्र पाठवतो. त्यांचं उत्तर लगेच येतं."

त्यांनी कळ दाबली. बाहेर ध्वनिक्षेपकावरून डॉ. ईश्वरी दामले यांचे नाव पुकारले गेले आणि कोणीतरी उठून त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर गेले. खोलीतला पंखा फिरत होता. एक मिनिट झाले असेल. पडद्यावर बारीक आवाज होऊन एक ओळ आली, मग दुसरी. श्रीनिधींनी चष्मा नीट केला आणि सुटका झाल्यासारखे वाचले :

"राजीनामा नामंजूर. डॉक्टरांशी सविस्तर चर्चा केली. त्यांचे सर्व म्हणणे ऐकून घेतले. येथेच राहण्यास त्यांनी स्वखुशीने संमती दिली आहे. सही, डॉ. ईश्वरी दामले."