आजीने चालवलेले बूट

लष्कराच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की प्रशिक्षणाला येण्याआधी महिनाभर नवे बूट घालून रोज चालावं. नातू पहिल्याच दिवशी कोपऱ्यावरच्या लाँड्रीपर्यंत गेला आणि टाचेला फोड घेऊन लंगडत परत आला. आजीच्या कपाळाला आठी पडली. त्याचा बापही असाच फोडांचं निमित्त करून नवव्या दिवशी छावणीतून पळून आला होता, आणि पुढे वर्षभर तिला गल्लीत मान वर करायची सोय राहिली नव्हती.

"काढ ते. तुझ्याच्याने नाही व्हायचं," ती म्हणाली आणि मोज्यांचे दोन जोड चढवून बूट स्वतःच घालून मोकळी झाली. मग महिनाभर बाजार काय, दवाखाना काय, सगळं त्याच बुटांत. जिन्यात तिची पावलं वाजली की सून ओट्यापाशी ताठ उभी राहायची आणि घरमालक हळूच दार लावून घ्यायचा.

निघायच्या सकाळी तिने लोण्यासारखे मऊ झालेले बूट नातवापुढे ठेवले.

"घाल. आता चावायची हिंमत नाही त्यांची."

तो एकदा जिना उतरून चढून आला आणि पायरीवर बसून टाच चोळायला लागला.

"आजी, बूट झाले गं मऊ. पण टणक व्हायला हवे होते ते माझे पाय. झाले तुझे."

आजीने आपल्या पायांकडे एकवार निरखून पाहिलं आणि सुनेला हाक मारली.

"अगं, ह्याची बॅग उपस आणि माझे कपडे भर. गाडी कितीची आहे?"