दुसरी सही

"तू स्वतः पाहिलंस ना?" ताईने फोनवर विचारलं. "हो," असं बिनदिक्कत सांगून धाकट्या बहिणीने फोन ठेवला आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने पाहिलं नव्हतं. ताईच्या छातीतल्या गाठीच्या रिपोर्टवर तिच्या वरिष्ठ डॉक्टर सरांनी 'गाठ साधी' असं लिहिलेलं वाचून तिने घाईघाईने आनंदाची बातमी कळवली होती, इतकंच.

प्रयोगशाळेचा नियम चोख होता. प्रत्येक गाठीचा तुकडा दोन डॉक्टरांनी वेगवेगळा तपासायचा. आधी सर निदान लिहीत, मग तिने स्वतः पाहून खाली 'सहमत' किंवा 'असहमत' लिहून सही करायची. सुरुवातीचे काही महिने ती इमानेइतबारे पाहायची. दर वेळी सरांचंच खरं निघायचं. तीस वर्षांचा अनुभव. त्यांचं निदान म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मग तिने पाहणंच सोडलं आणि नुसती त्यांची री ओढू लागली. एका हातात चहा, दुसऱ्या हाताने सहमत, सहमत, सहमत. काम कसं झटपट उरकायचं.

आज मात्र तिने ताईच्या गाठीची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पाहिलं. नंबर पुन्हा ताडून पाहिला. स्लाइड ताईचीच होती आणि कॅन्सर इतका उघड होता की शिकाऊ विद्यार्थ्यानेही ओळखला असता.

ती स्लाइड घेऊन तडक सरांच्या खोलीत गेली. आपलंच काही चुकत असेल, सर चार शब्द सुनावतील, अशी तिला वेडी आशा होती. सरांनी बराच वेळ पाहिलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. गेलं वर्षभर आपल्याला धूसर दिसतंय, ते म्हणाले. कुणापाशी कबूल करायचा धीर झाला नाही.

वर्षभराचे सगळे रिपोर्ट तिच्या सहीने बाहेर गेले होते.

"तू 'असहमत' लिहिशील त्या दिवशी खुर्ची सोडायची, असं ठरवलं होतं मी," सर म्हणाले. "रोज वाट पाहिली, पोरी. तू एकदाही लिहिलं नाहीस, म्हणून वाटलं, मला अजून नीट दिसतंय."