आईचा भाग

घरच्या सर्व्हरवरची जागा संपत आली, म्हणून हृषीकेशने टीव्हीवरून रेकॉर्ड केलेले सगळे जुने कार्यक्रम चित्राचा दर्जा कमी करून एकदम लहान केले आणि मूळ फायली पुसून टाकल्या.

आईच्या वर्षश्राद्धाची जेवणं आटोपल्यावर वडील म्हणाले, "ती पाककृतीच्या कार्यक्रमात गेली होती ना, तो भाग लाव रे."

आई पडद्यावर आली. अळूच्या पानाला पीठ लावता लावता निवेदिकेशी बोलत होती. आवाज तिचाच होता, पण चेहऱ्याच्या जागी नुसते पुसट चौकोन हलत होते. ती वाहिनी केव्हाच बंद पडली होती आणि आई हलताना-बोलताना दिसेल असं दुसरं काहीच घरात नव्हतं.

"अण्णा, फायली लहान करताना माझ्याकडून..." हृषीकेश म्हणाला.

अण्णा खुर्ची ओढून टीव्हीजवळ बसले. बराच वेळ पाहत राहिले. मग चष्मा काढून त्यांनी खिशात ठेवला.

"असू दे. मला तरी आता कुठे नीट दिसतं?" ते म्हणाले. "तू सांग, हसताना कशी दिसतेय ती?"

डोळे मिटून हृषीकेश सांगू लागला.