जेठूंचं भारदस्त नाव

माझ्या जेठूंनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाने, पदरमोड करून कादंबरी छापली आणि तीनशे प्रती पलंगाखाली रचल्या. मग त्यांना वेबसाइट हवी झाली, आणि अख्ख्या चंदननगरात ती करू शकणारी हुशार व्यक्ती एकच होती, ती म्हणजे मी.

"मिठू, लेखकाचं नाव हिरण्मय गंगोपाध्याय. ते घरचं 'भोंबल' कुठे दिसलं तर खबरदार!"

"पण जेठू, सगळी गल्ली तुम्हाला भोंबलदाच म्हणते!"

"गल्लीला साहित्यातलं काय कळतंय?"

पंधरा दिवसांत साइटवर तिघेच फिरकले: मी, बाबा आणि रोज सकाळ-संध्याकाळ जेठू. त्यांचा चेहरा शिळ्या लुचीसारखा, म्हणजे फुगा बसलेल्या मैद्याच्या पुरीसारखा, पडला. चहाच्या टपरीवर मात्र जो तो त्यांना विचारायचा, "भोंबलदा, तुमचं पुस्तक कधी येतंय?"

मला राहवेना. हिरण्मय पुसून मी ठळक अक्षरांत लिहिलं, 'लेखक: आपले भोंबलदा'. दोन दिवसांत एकेचाळीस ऑर्डरी! जेठूंनी फक्त आकडा पाहिला आणि मिशीला पीळ दिला. "बघितलंस? नाव भारदस्त असलं की वाचक धावत येतो." रविवारी त्यांनी एकेचाळीस प्रतींवर झोकदार सही ठोकली आणि मी त्या घरोघर पोचवल्या.

सोमवारी मिठाईवाले निबारणकाका आपली प्रत घेऊन दारात उभे. मागे निम्मी गल्ली.

"मिठू, या पुस्तकावर कुणा हिरण्मयचं नाव आहे गं, सहीसुद्धा त्याचीच. हे परत घे आणि आम्हाला भोंबलदाचं दे!"