जोड्यांची यादी

"आम्हाला सगळ्यांत शेवटी ठेवा साहेब," मिस्त्री म्हणाला.

तुरुंगाधिकाऱ्यांची पेन्सिल नकाशावर थांबली. "का रे?"

"आबांना पाठीवर घेऊन मी सावकाश चालणार. वाट अरुंद आहे, मागच्यांचा खोळंबा होईल."

कारण बिनतोड होतं, म्हणूनच साहेबांना ते आवडलं नाही. शेवटच्या माणसाच्या मागे कोण बघतं? "बघू," म्हणून त्यांनी त्याला बराकीत परत पाठवलं.

तुरुंग नदीकाठी, खोलगट जागेत. वर धरण. पाणी सोडावं लागलं तर तासाभरात सगळे कैदी टेकडीवरच्या शाळेत पोचले पाहिजेत, असा वरून हुकूम आला होता. आराखडा साहेबांनी करायचा. कैदी दोनशे चौदा. झोपेतून उठवून विचारलं तरी साहेबांनी तो आकडा सांगितला असता. मागच्या तुरुंगात आग लागली तेव्हा मोजणीत एक कैदी कमी भरला होता. साहेब दोन वर्षं निलंबित होऊन घरी बसले. आता पुन्हा एक जरी निसटला, तर नोकरी जाईलच. पण घरी बायकोला तोंड कसं दाखवायचं, याची त्यांना जास्त धास्ती होती.

म्हणून त्यांनी जोड्या लावल्या. एकशे सात. ज्यानं त्यानं आपल्या जोडीदाराला घेऊनच बाहेर पडायचं, दुसऱ्याच्या भानगडीत पडायचं नाही. यादी प्रत्येक बराकीत टांगली. आबा दोन्ही पायांनी अधू, मागच्या भिंतीलगत दवाखान्याच्या खोलीत पडून असायचे. त्यांच्या नावापुढे मिस्त्रीचं नाव.

"धडधाकट आहे म्हणून ठीक," साहेब कारकुनाला म्हणाले. "पण मला त्याचा भरवसा नाही. फाटक किती वेळ उघडं, मागे शिपाई किती, सारखा विचारत असतो."

कारकुनाची तीस वर्षं त्याच टेबलावर गेली होती. "सात वर्षं इथल्या भिंती तोच दुरुस्त करतोय साहेब. पळायचं असतं तर एवढे दिवस थांबला असता? बिचाऱ्याचं अपील धूळ खात पडलंय, तरी कधी कुरकूर नाही."

"दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं."

सरावाच्या दिवशी मिस्त्री आबांना घेऊन अठरा मिनिटांत टेकडी चढला. आबा पाठीवरून सगळ्यांना ऐकवत होते, "मेल्यावर चौघं लागतात म्हणे. माझं एकट्यावर भागलं!" रांगेत हशा पिकला. मिस्त्री मात्र हसला नाही. तो वळणं बघत होता. साहेबांनी वहीत टिपून ठेवलं: वाट निरखतो.

पुढे चार दिवस पाऊस थांबेना. चौथ्या दिवशी साहेब वाटेवर धरायचे दोर कुठेकुठे बांधायचे ते ठरवत होते, तेवढ्यात कारकुनानं सह्यांच्या कागदांचा गठ्ठा पुढे ठेवला.

"जरा वाचून घ्या साहेब."

"तुम्ही वाचलंत ना? मग झालं." नकाशावरून नजर न काढता साहेबांनी सह्या ठोकल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताना, सकाळच्या मोजणीच्या आधीच, धरणाचा भोंगा वाजला. बराकी उघडल्या. कुठे आरडाओरडा नाही, ढकलाढकली नाही. जोड्या दोर धरून टेकडी चढू लागल्या. शाळेच्या फाटकात साहेब एकेक जोडी मोजत उभे होते. एकशे सहा आत गेल्या. खाली पाणी तुरुंगाच्या फाटकाला लागलं. एकशे सातवी जोडी आलीच नाही.

"मिस्त्रीची जागा रिकामी होती साहेब," शेवटचा शिपाई म्हणाला. "वाटलं, आबांना आणायला आधीच गेला असेल."

"म्हणजे आबांच्या खोलीत कोणी गेलंच नाही?"

"नाही साहेब."

मिस्त्री पळाला! आणि पळताना एका अधू म्हाताऱ्याला पाण्यात टाकून गेला. संताप तर आलाच, पण त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. जोडी त्यांनीच लावली होती. त्यांनी वायरलेसवर कळवलं, एक कैदी फरार, आणि दोन शिपाई घेऊन ते धावतच टेकडी उतरू लागले.

दुसऱ्या वळणावर, तुरुंगाच्या मागच्या भिंतीकडून वर येताना मिस्त्री दिसला. गळ्यापर्यंत चिखल, कपड्यांचा रंगही कळत नव्हता. पाठीवर आबा. त्यांचे दात वाजत होते, पण डोळे उघडे होते.

शिपायांनी आबांना उतरवून घेतलं. साहेबांनी पुढे होऊन मिस्त्रीच्या थोबाडीत दिली.

"कुठे होतास?"

"साहेब, मी..." त्याला धाप लागली होती.

"तोंड बंद! हातकडी घाला याला."

मिस्त्रीनं सवयीनं दोन्ही हात पुढे केले.

शाळेत आबांना घोंगडीत गुंडाळलं. मिस्त्रीला व्हरांड्यातल्या खिडकीच्या गजाला अडकवलं. साहेबांनी वर्गावर्गात फिरून स्वतः दोनदा मोजणी केली. मग पायरीवर बसले आणि त्यांना रडू आलं. त्यांनी ते लपवलंही नाही.

दफ्तराच्या पेट्या घेऊन कारकून जीपमधून पोचला. "लिहा," साहेब म्हणाले, "दोनशे चौदा. एकही कमी नाही."

कारकुनानं रजिस्टर उघडलं. पान बघितलं, पुन्हा बघितलं.

"साहेब, एक जास्त होतोय."

"जास्त? तुरुंगात कधी जास्त भरतं का हो? नीट बघा."

कारकुनानं व्हरांड्याकडे मान वळवली आणि तो हातातलं रजिस्टर तसंच टाकून उठला.

"हातकडी काढा त्याची साहेब," तो म्हणाला. "मिस्त्री निर्दोष ठरून काल संध्याकाळीच सुटलाय."